लोहमार्गाचे सेवक आणि गिरिवाटा : प्रस्तावना

कल्याण स्थानक मागे पडले की लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक ईशान्येस आसनगाव, खर्डी करीत कसाऱ्याला थळ घाटाच्या पायथ्याशी जातो, दुसरा आग्नेयेस बदलापूर, नेरळ करीत कर्जतला बोर घाटाच्या तोंडाशी पोचतो, आणि या दोन फाट्यांच्या बेचक्यात आजोबाच्या कड्यापासून नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड, भीमाशंकर असा ढाकच्या बहिरीपर्यंत सह्याद्रीचा जो विस्तीर्ण टापू सामावलेला आहे, त्याच्याशी कल्याण-डोंबिवलीच्या रेल्वे कामगाराची ओळख नोकरीवर रुजू झाल्यापासूनच होऊ लागत असे. पुढे काहींच्या बाबतीत त्या ओळखीचे जन्मभराच्या सख्यात रूपांतर झाले. ठाणे, कल्याण, ठाकुर्ली आणि डोंबिवली येथे वास्तव्य केलेल्या, मध्य रेल्वेच्या निरनिराळ्या खात्यांत उमेद खर्ची घालून निवृत्त झालेल्या, आणि रजेचे व विसाव्याचे दिवस डोंगरात घालविलेल्या अशा माणसांच्या आठवणी त्यांच्या पत्नींनी, मुलामुलींनी, सहकाऱ्यांनी व वाटसोबत्यांनी सांगितल्या, त्यांचा हा संग्रह आहे. ज्यांच्याविषयी तो आहे, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. प्रस्तावनेत एकाचे नाव घेऊन दुसऱ्यास मागे ठेवणे मला उचित वाटत नाही. व्यक्ती वाचकास ग्रंथातच भेटतील. त्या व्यक्ती ज्या जगात वावरल्या, ते जग कसे घडले आणि त्याचे स्मरण आजवर कोणी व कसे केले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

नोकरी पोटासाठी आणि डोंगर जिवासाठी, अशी वाटणी आपण सहज करतो, आणि निवृत्ती समारंभातील भाषणे तर तीवरच उभी असतात. या आठवणींची हस्तलिखिते वाचीत असता, ती वाटणी या माणसांना लागू पडत नाही, अशी माझी खात्री होत गेली. रुळांवरच्या चाकरीने त्यांचे पाय तयार केले, नजर तयार केली, काळवेळेचे भान तयार केले, आणि तीच नजर, तेच भान घेऊन ते कातळावर गेले. म्हणून त्यांच्या भटकंतीविषयी लिहावयाचे, तर आधी त्यांच्या कामाविषयी लिहिणे अपरिहार्य आहे.

त्या कामाचा आरंभ सर्वश्रुत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारू गाडी आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. १८६१च्या आरंभी ती कसाऱ्यापर्यंत गेली. बोर घाट १८६३ साली आणि थळ घाट १८६५ साली खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, कंत्राटदार विल्यम फॅविएल, आणि मक्ता हाती घेतल्यावर काही दिवसांतच वारलेल्या सॉलोमन ट्रेडवेल यांच्या मागे ते काम तडीस नेणाऱ्या त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल, ही नावे इतिहासाने जपली आहेत. परंतु सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढणारा, सदतीसास एक इतकी तीव्र चढण असलेला आणि पंचवीस बोगद्यांतून जाणारा बोर घाटाचा मार्ग ज्यांनी सुरुंग लावून व टोपल्या वाहून खोदला, त्यांची संख्या भर हंगामात चाळीस हजारांच्या पलीकडे गेली होती, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव सामान्य वाचकास सांगता येणार नाही. पटकीने त्यांच्या वस्त्या उजाड केल्या. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९मध्ये बोर घाटात त्यांनी दंगा केला. मजूर आणि मालक यांच्या तंट्यांविषयीचा १८६०चा कायदा ज्या घटनांतून निपजला, त्यांत हा दंगा प्रमुख होता. याचा अर्थ असा की कामगाराने सरकारी दफ्तरात प्रवेश केला तो फिर्यादी किंवा आरोपी म्हणून, आणि मेला असेल तर आकडा म्हणून. इयन केर यांच्यासारख्या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या दफ्तरांतून मजुरांचे जीवन शोधून काढण्याचे मोठे काम केले. तरी दफ्तरात जे उतरलेच नाही, ते शोधून मिळत नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे, म्हणजे बोर घाट खुला झाला त्याच वर्षीचे. आगगाडीचे नवल टिपणारे मराठी गद्य इतक्या आरंभापासून आपल्यापाशी आहे. गाडीखालचा रस्ता राखणाऱ्या माणसाला मात्र त्यात जागा नव्हती.

रस्ता राखणे म्हणजे काय, हे आज स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या हजारोंपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल, म्हणून येथे थोडे थांबतो. काही मैलांचा एकेक तुकडा एकेका गँगच्या हवाली असतो. तिच्यावर मुकादम, त्याच्यावर इन्स्पेक्टर. गँग खडी सारखी करते, स्लीपर बदलते, रूळ ओढून सरळ करते. तिच्यातला एक जाणता माणूस कीमन म्हणून निवडलेला असतो, आणि त्याने खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपला सारा टापू पायी तपासावा, सैल झालेली चावी ठोकून बसवावी, तडा दिसला तर गाडी थांबवावी, असा शिरस्ता. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतात, थंडीत आक्रसून तुटतात. त्यामुळे दोन्ही ऋतूंत वेगवेगळ्या वेळी गस्त असते. पावसाळ्याची गस्त याहून कठीण. रात्री, मुसळधार पावसात, हातात कंदील, पिशवीत धोक्याचा इशारा देणारे फटाके, काखेत नोंदवही घेऊन एक माणूस निघतो, आपल्या हद्दीच्या टोकाला दुसऱ्या गस्तवाल्याला गाठतो, वह्यांची अदलाबदल करतो आणि परत फिरतो. मार्ग खचलेला आढळला, तर धोक्याच्या जागी लाल दिवा उभा करून येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जावयाचे, सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहादहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बांधावयाचे, हा नियम त्यास मुखोद्गत असावा लागतो. गाडीतल्या माणसांना यातले काहीच कळत नाही. गाडी थोडी उशिरा पोचते, इतकेच.

घाटात ही चाकरी निराळेच रूप घेते. कर्जत आणि कसारा येथे चढणाऱ्या गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडतात; उतरत्या गाडीचा ताबा सुटलाच, तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढावाच्या आंधळ्या रुळावर घालता यावे म्हणून कॅच सायडिंगे बांधलेली आहेत, आणि ते सांधे ज्याच्या हाती, त्या माणसाची रात्र जागीच जाते. जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ ही बोर घाटातली ठिकाणे वेळापत्रक चाळणाऱ्या उतारूला अपरिचित असतील. तेथे पाळी केलेल्या माणसास मात्र उल्हास नदीचे खोरे, समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मागे नागफणीचा सुळका आणि पावसात कड्यांवरून सुटणारे शेकडो पांढरे ओघ आयुष्यभर डोळ्यांसमोर राहिले. आणखी एक काम येथे मुद्दाम नोंदवितो, कारण या ग्रंथाचा सारा विषय त्यात जणू एकत्र आला आहे. पावसाळ्यापूर्वी घाटातल्या उतारांवर चढून, दोर बांधून, कोणता खडक सुटला आहे, कोणत्या फटीत मुळे शिरली आहेत, कोणता दगड पहिल्या मोठ्या सरीबरोबर रुळावर येईल, हे पाहून तो आधीच पाडून टाकणारी पथके तेथे असतात. रेल्वेत त्यांना हिल गँग म्हणतात. प्रस्तरारोहणाचे शिक्षणवर्ग निघण्याच्या कितीतरी आधीपासून कातळाशी झटणारे लोक या घाटांत दरमहा पगारावर तैनात होते, आणि त्यांच्या कौशल्याची गणना गिर्यारोहणात कधी कोणी केली नाही.

विसाव्या शतकात या मार्गांवर वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी धावली, पुढील काही वर्षांत तारा कल्याणवरून दोन्ही घाट चढल्या, आणि त्या विजेसाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने स्वतःचे वीजगृह उभारले. बोर घाटातले गाडी उलटी फिरविण्याचे स्थानकही १९२९मध्ये कालबाह्य झाले. वीजगृह, इंजिनांच्या शेड, मालगाड्यांचे यार्ड आणि रुग्णालय यांच्याभोवती कल्याण-ठाकुर्लीची रेल्वे वसाहत वाढली. कोकणातून, देशावरून, खानदेशातून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून आलेली कुटुंबे एका भिंतीआड राहू लागली. पाळी बदलण्याच्या भोंग्यावर घरातली स्वयंपाकाची वेळ ठरू लागली. रात्रपाळी करून झोपलेल्या बापामुळे मुले दुपारी हळू आवाजात खेळू लागली. गाड्या जोडणाऱ्या-सोडणाऱ्या यार्डात हातोडीने चाक वाजवून केवळ नादावरून तडा ओळखणारे तपासनीस होते, सांधे धरणारे पॉइंट्समन होते, खलाशी, फायरमन, शंटर होते. या साऱ्यांची एक सामाईक शिस्त होती आणि एक सामाईक अभिमान होता. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जुनी कंपनी जाऊन मध्य रेल्वे झाली, तरी वृद्ध कामगारांच्या तोंडी ‘जीआयपी’ हे नाव पुढे कित्येक वर्षे टिकून होते.

या पिढीच्या आयुष्याची मोजणी १९७४च्या आधी आणि नंतर अशी होते. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा जो संप सुरू झाला, तो वीस दिवस चालला. सरकारने तो कठोरपणे मोडला. हजारोंना अटक झाली, कित्येक बडतर्फ झाले, क्वार्टर सोडण्याचे हुकूम घरोघर पोचले. १९७७ साली सत्तांतर होऊन प्रा. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा बडतर्फ झालेल्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. या संग्रहातील अनेक लेखांत त्या तीन वर्षांची छाया आहे, आणि ती पत्नींच्या निवेदनांत अधिक गडद आहे. कारण पगार थांबल्यावर वाण्याची उधारी, मुलांची फी आणि शेजाऱ्यांच्या नजरा यांना तोंड देण्याचे काम त्यांच्याकडे आले. सत्काराच्या भाषणांतून हा भाग हमखास वगळला जातो. संपादकांनी तो वगळला नाही, याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे.

आता डोंगरांकडे वळू. महाराष्ट्रातील दुर्गभ्रमणाच्या लेखनाला स्थूलमानाने तीन प्रवाह आहेत. पहिला इतिहासाभिमुख. चिंतामण गंगाधर गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ लिहिले, तेव्हा किल्ला ही मुख्यतः ऐतिहासिक नोंद होती. तो कोणी बांधला, कोणी घेतला, कोणत्या तहात कोणाकडे गेला, हे सांगणे लेखकाचे कर्तव्य मानले जाई. दुसरा प्रवाह भक्तीचा, आणि त्याचे अध्वर्यू निःसंशय गो. नी. दांडेकर. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ यांसारख्या पुस्तकांनी मराठी तरुणास गडावर मुक्काम करावयास, टाक्यातले पाणी प्यावयास आणि तटावर बसून सूर्योदय पाहावयास शिकविले. शिवरायांच्या स्मरणाने पाय उचलणाऱ्या दोन पिढ्या त्यांनी घडविल्या. तिसरा प्रवाह गिर्यारोहणाचा. १९५३ साली एव्हरेस्टवर मानवाचे पाऊल पडले, १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहणाची संस्था निघाली, आणि त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली. दोर, खिळे, शास्त्रशुद्ध चढाई आणि हिमालयातील मोहिमा यांचे मराठी मध्यमवर्गाला वेध लागले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रे’ने आणि प्र. के. घाणेकर यांच्या विपुल लेखनाने या प्रवाहांना वाटांची, पाण्याची, वनस्पतींची आणि भूगोलाची काटेकोर माहिती पुरविली. आज महाराष्ट्रात जो कोणी पाठीवर पिशवी टाकून निघतो, तो कळत-नकळत या तिघांपैकी एका प्रवाहात पाय बुडवून निघतो.

रेल्वे कामगाराची भटकंती या तिन्हींच्या काठाने चालत आली. तिच्यापाशी पुस्तके थोडी होती, दोर बहुधा नव्हताच. परंतु तिच्यापाशी काही अशा गोष्टी होत्या की ज्या इतरांना कष्टाने मिळवाव्या लागत. रात्रपाळी संपवून पहाटेच्या कसारा गाडीत बसण्याची सवय होती. मालगाडी कोठे थांबते, कोणत्या केबिनवर चहा मिळतो, कोणत्या स्थानकावर पावसाळ्यात कोरडी जागा सापडते, याची माहिती होती. रेल्वे नोकराचा पास होता, आणि त्या पासाने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाणे एरवी ज्याच्या स्वप्नातही आले नसते, त्याला ते शक्य झाले. याहून महत्त्वाची होती ती नजर. ओल्या उतारावरची माती कधी घसरेल, कातळातली बारीक फट नवी की जुनी, ओढ्याच्या पाण्याचा रंग बदलला म्हणजे वर काय घडले असेल, हे गस्तीच्या वाटेवर शिकलेले ज्ञान त्याने माहुलीच्या शिडीपाशी, सिद्धगडाच्या जंगलात आणि भीमाशंकरच्या शिडीघाटात वापरले. या संग्रहातील एका लेखात एक सहप्रवासी सांगतो की, डोंगरात अंधार पडल्यावर सर्वांनी घाई केली तरी निवृत्त कीमन आपल्या एकाच संथ चालीने चालत राहिला आणि मुक्कामावर सर्वांबरोबरच, पण न दमता पोचला. स्लीपरमागून स्लीपर ओलांडीत जन्म काढलेल्या पावलांची ती चाल होती.

काळवेळेविषयीही असेच म्हणावे लागेल. परतीची शेवटची गाडी चुकणे हा मुंबईच्या हौशी भटक्यांच्या गप्पांचा आवडता विषय आहे. या माणसांच्या आठवणींत तो जवळजवळ कोठेच येत नाही. सोमवारी सकाळी हजेरी लावावयाची आहे, आपण गेलो नाही तर आपल्या जागी दुसऱ्या कोणालातरी दुहेरी पाळी करावी लागेल, ही जाणीव गडाच्या माथ्यावरही त्यांच्याबरोबर होती. काहींना हे जाचक वाटेल. मला त्यात डोंगरावरच्या आणि माणसांवरच्या प्रेमाची एकच जात दिसते.

अशा जीवनांचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न मराठी वाङ्मयाने आपल्या परीने अनेकदा हाताळला आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’ने आत्मचरित्राची वाट उघडली, रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी पतीचे चरित्र सांगता सांगता घर, पाहुणे, प्रवास आणि उपास यांसह एक सबंध काळ उभा केला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसां’नी आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्लीं’नी साध्या माणसाला व्यक्तिचित्राच्या चौकटीत मानाने बसविले. पुढे १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि ज्याला कोणी लिहील अशी वाट पाहावी लागत होती, त्याने स्वतःच लेखणी उचलली. गिरणी कामगारांच्या बाबतीत मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी अनेक मुलाखतींतून गिरणगावाचा इतिहास त्यांच्याच तोंडून वदविला. मौखिक साक्षीचा तो ग्रंथ या विषयातील कोणाही संपादकाने समोर ठेवावा असा आहे. वनखात्यातील नोकरीने मारुती चितमपल्ली यांच्या रूपाने मराठीला रानाचा एक अद्वितीय भाष्यकार दिला. आणि रेल्वेतील चाकरी व अरण्याची ओढ एका माणसात एकत्र आल्याचे जगद्विख्यात उदाहरणही याच देशातले आहे : जिम कॉर्बेट यांनी मोकामा घाटावर वीस वर्षांहून अधिक काळ माल उतरविण्या-चढविण्याचे काम पाहिले, आणि ‘माय इंडिया’ या पुस्तकात वाघांपेक्षा आपल्या हमालांविषयी व कारकुनांविषयी अधिक लिहिले. कल्याणच्या रुळांवरून डोंगरात गेलेल्या माणसाला मात्र असा लेखक लाभला नाही, आणि त्याने स्वतःही लिहिले नाही. त्याचे लेखन गस्तीच्या नोंदवहीत होते, आणि मुदत भरताच ती वही नष्ट झाली.

गौरवग्रंथ नावाचा एक प्रकार ही उणीव भरून काढतो असे मानले जाते. माझे मत याविषयी स्पष्ट आहे आणि ते मी येथे नोंदवितो. आपले बहुसंख्य गौरवग्रंथ व स्मरणिका माणसाला सद्गुणांच्या राशीखाली पुरतात. तो मनमिळाऊ होता, कर्तव्यदक्ष होता, निसर्गप्रेमी होता, असे वीस लेखकांनी वीस वेळा लिहिल्यावर तो एकविसाव्या वाचकाला दिसेनासा होतो. त्याने हातोडा कोणत्या खांद्यावर घेतला, जेवणाच्या डब्यात काय नेले, कोणत्या वाटेवर तो थांबत असे, कशाने चिडत असे, हे सांगितले तर तो दिसतो. प्रस्तुत संपादकांनी लेखकांकडे हेच तपशील मागितले आणि विशेषणे परत पाठविली, असे त्यांनी मला सांगितले. सर्वच लेखकांना ते साधले आहे असे नाही. काही लेख अद्याप समारंभी थाटाचे राहिले आहेत. पण जेथे साधले आहे, तेथे पान ओलांडताना त्या माणसाच्या बुटांची करकर ऐकू येते.

हे काम आताच होणे का आवश्यक होते, याची कारणे उघड आहेत. १९७४ साली जे विशीत होते, ते आज सत्तरीपलीकडे आहेत. लाकडी आणि लोखंडी स्लीपरांची जागा काँक्रीटने घेतली, ठोकावयाच्या चाव्यांच्या जागी स्प्रिंगसारख्या क्लिपा आल्या, खडी दाबण्याचे काम यंत्रे करतात, गस्तवाल्याच्या खिशात त्याचा ठावठिकाणा कळविणारे उपकरण असते, आणि गँगमनचे पदनामही बदलून गेले आहे. काम हलके झाले हे इष्टच झाले. रुळांवर मरणारी माणसे वाचावीत यापरते मोठे काही नाही, आणि आजही ट्रॅकवर काम करताना गाडीखाली सापडणाऱ्यांच्या बातम्या येतात तेव्हा हे विसरता येत नाही. परंतु जुन्या कामाबरोबर त्यातले ज्ञानही जाते, आणि ते जाण्यापूर्वी लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. चोळ्याच्या वीजगृहाचे भोंगे थांबले. कल्याण-डोंबिवलीच्या इमारती दोन्ही फाट्यांनी बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत पसरल्या. एकेकाळी ज्या मलंगगडाच्या सुळक्यावरून कल्याणातला माणूस पावसाचा अंदाज घेत असे, तो आज अनेक घरांच्या खिडकीतून दिसेनासा झाला. डोंगरांवर रविवारी इतकी गर्दी लोटते की काही वाटांवर पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो. या गर्दीला मी दूषण देणार नाही. तरुणांनी डोंगरात जावे हीच इच्छा या पुस्तकातील प्रत्येकाने बाळगली होती. त्यांनी ज्या चालीने, ज्या तयारीने आणि गावकऱ्यांशी ज्या अदबीने डोंगर पाहिले, ती पाहण्याची रीत तरुणांपर्यंत पोचावी, एवढा हेतू या प्रकाशनामागे आहे.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे. म्हणजे या परिसरात आगगाडीच्या मागोमाग ग्रंथालयेही आली. रेल्वेच्या वसाहतीतली पुष्कळ मुले याच वाचनालयांत पुस्तकांच्या नादी लागली, आणि आज त्यांच्यातील काहींनी आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. त्यांच्या लेखनात एक संकोच सतत जाणवतो : वडील घरी फार बोलत नसत. मुलाला ते कळले ते निवृत्तीनंतर, एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर गोरखगडाच्या पायऱ्या चढताना. अन्यथा त्यांच्या मागे उरलेल्या पत्र्याच्या पेटीत, जिथे पासांच्या जुन्या प्रती, सहकाऱ्यांचे फोटो आणि कोणत्या गडावर पाणी कोठे मिळते याच्या पेन्सिलीने लिहिलेल्या याद्या सापडल्या. अशा पेट्या अजून पुष्कळ घरांत माळ्यावर असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी उघडाव्यात, अशी विनंती मी या निमित्ताने रेल्वे कुटुंबांना करतो.

संग्रहाची रचना कालक्रमानुसार नाही. एकाच माणसाविषयी पत्नीने, सहकाऱ्याने आणि वाटसोबत्याने सांगितलेले जेथे जुळत नाही, तेथे संपादकांनी ते तसेच ठेवले आहे. पत्नीला आठवते ती रविवारची रिकामी खुर्ची, सोबत्याला आठवतो तो त्याच रविवारचा धुक्यातला माथा, आणि दोन्ही खरे आहेत. घरच्या माणसांनी या छंदाची किंमत मोजली, हे येथे कोणी लपविले नाही. एका निवेदनात तर एका वृद्ध बाईंनी स्पष्ट सांगितले आहे की, यजमानांच्या डोंगराचा त्यांना वर्षानुवर्षे राग होता आणि तो शेवटपर्यंत पुरता गेला नाही. ते निवेदन मला या ग्रंथातील सर्वांत मोलाचे वाटते.

उणिवाही आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठी येथे सांगितलीच पाहिजे. रेल्वेच्या माणसांना डोंगरात वाट दाखविली ती ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांतील लोकांनी. पडवीत निवारा दिला, तांदळाची भाकरी व चटणी वाढली, अंधारात कंदील घेऊन पुढे चालले, आणि घाटातल्या रुळांवर कंत्राटी मजुरी करावयालाही हेच लोक आले. या संग्रहात ते पानोपानी येतात, पण दुसऱ्यांच्या तोंडून. त्यांनी या पाहुण्यांविषयी काय आठवणीत ठेवले आहे, कोणाविषयी चांगले बोलतात आणि कोणाविषयी नाही, हे विचारावयाचे राहून गेले आहे. संपादकांनी दुसरा भाग काढण्याचे मनात घेतले आहे. त्या भागाचे काम खांडस, देहणे आणि ढाक या गावांतील वृद्धांपासून सुरू करावे, आणि तेथे जाताना हे पुस्तक त्यांना वाचून दाखवावे, असे मी त्यांस सुचविले आहे.